पाळलेलं पाणी

मासे यायच्या आधी बरेच दिवस आमच्या घरात नुसतं पाणी पाळलेलं होतं. हे माझं म्हणणं नाही, शेजारच्या रत्नाबाईंचं आहे. दिवाळीचा चिवडा द्यायला त्या आल्या आणि हॉलमधल्या चार फुटी काचेच्या टाकीसमोर उभ्या राहिल्या. आत दिवा लागलेला, पंप चाललेला, बुडबुडे वर येताहेत आणि मासा एकही नाही. त्यांनी वाकून चारी कोपरे तपासले. मग मला म्हणाल्या, "लोकं कुत्रं पाळते, मांजर पाळते. तुमी पानी पाळलं का वं?"

उत्तर माझ्याकडे होतं, पण द्यायला लाज वाटत होती. मी भंडाऱ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. नव्या टाकीत लगेच मासे सोडले तर ते आपल्याच घाणीनं मरतात. ती घाण पचवणारे जिवाणू आधी टाकीत वाढावे लागतात आणि त्यांना दीड-दोन महिने लागतात, हे मी फळ्यावर बाण काढून कितीदा शिकवलं आहे. पण ते बाण एक दिवस माझ्याच हॉलमध्ये येऊन बसतील आणि टीव्हीला कोपऱ्यात ढकलतील, असं कधी वाटलं नव्हतं. रत्नाबाईंना म्हटलं, मासे मागवलेत, येतील. त्या बरं म्हणाल्या आणि चिवडा ठेवून गेल्या.

हे खूळ माझ्या नवऱ्याचं. कैलाश आमच्या कारध्याजवळच्या एका राईस मिलमध्ये सुपरवायझर आहे. दिवसभर कोंडा, धूळ आणि मशीनचा खडखडाट. मुलीला नागपूरच्या हॉस्टेलवर सोडायला गेला असताना एका दुकानात त्याने डिस्कस नावाचे मासे पाहिले आणि घरी आला तो भारलेलाच. बशीसारखे गोल आणि चपटे, निळ्या-केशरी रेघांचे, कसलीही घाई नसलेले मासे. मग जेवताना डिस्कस, झोपताना डिस्कस. नागपूरचा दुकानदार त्याला फोनवर सांगायचा आणि तो मला सांगायचा. हा मासा एकटादुकटा जगत नाही, पाच-सहा तरी लागतात. पाणी अंगाला कोमट लागेल इतकं ऊन हवं. शिवाय ते मऊ हवं, आपलं बोरचं चालणार नाही. आमच्या बोरच्या पाण्यानं बादलीला पांढरे थर बसतात, तेव्हा हे म्हणणं काही खोटं नव्हतं. म्हणून माशांसाठी आरओच्या पाण्याचे कॅन यायला लागले. माणसं बोरचं पिणार आणि मासे कॅनचं. यावर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

टाकीत ठेवायचं लाकूड त्याने माझ्या मोठ्या गंजात उकळलं. ज्या गंजात मी पाहुण्यांचा भात शिजवते त्यात दोन दिवस ते लाकूड चहाचा रंग सोडत बसलं होतं. मी चिडले, भांडले, नंतर गंज घासला. पण खरा राग लाकडाचा नव्हता. घरात काळजी करायची ती एक गोष्ट होती, ती मागच्या खोलीत पडून होती, आणि हा माणूस हॉलमध्ये हीटर लावून पाणी तापवत होता.

मागच्या खोलीत माझे सासरे होते. ताराचंद त्यांचं नाव, मी त्यांना मामाजी म्हणते. पवनीच्या पुढे आमचं गाव, तिथे धानाची शेती आणि शेताच्या वरच्या अंगाला स्वतःची बोडी. बोडी म्हणजे लहानसं तळं. त्यातून धानाला पाणी मिळतं आणि घराला मासे. सासूबाई गेल्यावरही मामाजी तिथेच एकटे राहिले. पावसाळ्याच्या सुरुवातीला त्याच बोडीच्या मातीच्या पाळीवरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, शेत ठेक्यानं दिलं, आणि आम्ही त्यांना इकडे कारध्याला आणलं.

हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता यांना चालवा. आता चालले नाहीत तर पुन्हा कधी चालणार नाहीत, खाटेलाच लागतील. कैलाशनं वॉकर आणला, खाटेजवळ ठेवला. मामाजींनी त्याला घोडा असं नाव दिलं आणि त्यावर टॉवेल वाळत घातला. बाथरूमपर्यंत आम्ही धरून नेलं तर जायचे, तेवढंच. समजावलं, रागावलो, मी तर शपथाही घातल्या. एक दिवस त्यांनी शांतपणे विचारलं, "कुठी जाऊ चालून?"

तिकडे सकाळी उठलं की बोडी होती, धानाची बांधी होती, बैल होते. इथे खाटेवरून उठून भिंतीपर्यंत जायचं आणि भिंतीला हात लावून परत यायचं. मी त्यांच्या जागी असते तर मीही टॉवेलच वाळत घातला असता.

म्हणून मी कैलाशला म्हटलं, टाकी ठेवायचीच तर मामाजींच्या खोलीत ठेव, त्यांना बघायला तरी काही होईल. तो स्टँडखाली थर्माकोल सरकवत होता, मान वर न करता म्हणाला, "त्यायच्या खोलीत ठेवली तं बाबा पडून पाहतीन. इथं ठेवली तं उठा लागन."

लग्नाला वीस वर्षं झाली, पण या माणसाच्या डोक्यात असलं काही चालू असेल असं मला वाटलं नव्हतं. मनात मात्र म्हटलं, काचेच्या पेटीसाठी उठणाऱ्यातले ते नाहीत.

डिसेंबरातल्या एका शनिवारी मी शाळेतून लवकर आले. दार उघडलं तर मामाजी हॉलमध्ये. एकटे. दोन्ही हातांनी घोडा धरलेला, पाय थरथरताहेत आणि कपाळ जवळजवळ काचेला टेकलेलं. माझ्या हातातली पर्स पडली. ओरडायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात त्यांनी एक हात सोडून काचेवर ठेवला आणि विचारलं, "पानी ऊन काहून आहे?"

मी खुर्ची आणून त्यांच्या मागे लावली. ते बसले, पण नजर पाण्यातच. खोलीत पडल्या पडल्या त्यांना फिल्टरमधून पडणाऱ्या पाण्याचा आवाज यायचा. बोडीचं पाणी बांधीत पडतं तसाच आवाज, ते म्हणाले. इतके दिवस ऐकला, आज राहवलं नाही म्हणून बघायला आले. टाकीत काहीच नाही हे पाहून ते हसले नाहीत. या रिकाम्या टाकीला न हसलेला कैलाशनंतरचा तो पहिला माणूस.

"पानी कच्चं आहे अजून," ते म्हणाले. मग त्यांनी मला बोडीचं सांगितलं. उन्हाळ्यात बोडी आटली की तळाला चुना मारायचा. पाणी भरलं की शेण टाकायचं, आणि वाट पाहायची. पाण्याला रंग चढला की मगच माशांचं बीज सोडायचं. घाई केली तर आठवड्यात सगळं बीज उताणं होऊन वर येतं. पाणी बिघडलं, वास मारायला लागलं, तर पुन्हा चुना. चुना म्हणजे बोडीचं औषध. मी मान हलवत ऐकत होते. आत पीठ मळायचं राहिलं होतं, तरी उठले नाही. ऑपरेशन झाल्यापासून ते एकावेळी इतकं बोललेच नव्हते.

त्या दिवसापासून टाकी त्यांची झाली. पाण्यातले जिवाणू जगवायला रोज चिमूटभर खाणं टाकावं लागे, ते काम कैलाशनं त्यांना दिलं. सकाळी उठले की घोडा घ्यायचे आणि हॉलमध्ये यायचे. दुपारी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. तिथेच खुर्चीत बसून डाव्या तळहातावर तमाखू मळायची, खिशातल्या डबीतून बोटाच्या टोकावर चुना घ्यायचा, आणि पाण्याकडे बघत बसायचं. तमाखूवरून मी त्यांचं रोज डोकं खात होते, ते मी चालूच ठेवलं. पण चालण्यावरून काही बोलायची गरज उरली नाही.

जानेवारीत मासे आले. नागपूरहून थर्माकोलच्या खोक्यात, प्रत्येक मासा वेगळ्या पिशवीत. कैलाश इतका घाबरला होता की त्याला गाठ सुटेना. पिशव्या आधी तशाच पाण्यावर तरंगू द्यायच्या, आतलं-बाहेरचं पाणी एक होऊ द्यायचं, हे दुकानदारानं त्याला सांगितलं होतं आणि मामाजींना आपोआप माहीत होतं. बोडीत बीजाच्या पिशव्याही तशाच सोडतात. शेवटी पिशव्या मामाजींनीच उघडल्या, एकेक, तळहात खाली धरून.

पहिले दोन दिवस ते सहाही मासे काळे पडून लाकडामागे दडले. मी म्हटलं, एवढ्या दिवसांच्या तपश्चर्येनं निखाऱ्यावर करपलेल्या रोट्यांसारखे हे काळे गाकर मिळाले. तिसऱ्या दिवशी रंग आला. पण मामाजी घोडा टेकत आले की त्या टकटक आवाजानं सगळे दचकून काचेवर आदळायचे. मामाजी दारातच थांबले, परत गेले आणि मला जुनं लुगडं मागितलं. घोड्याच्या चारही पायांना त्यांनी चिंध्यांचे गोळे बांधले. तेव्हापासून ते घरात मांजरासारखे चालायला लागले, कुठून कधी येतील कळायचं नाही. मासे मात्र त्यांना ओळखू लागले. ते खुर्चीत बसले की सगळी बिरादरी समोरच्या काचेशी गोळा व्हायची. त्यातली एक मोठी होती, ती बाकीच्यांना ढुशा द्यायची, रांगेत लावायची, खाण्याला आधी तोंड घालायची. मामाजींनी तिचं नाव मास्तरीन ठेवलं आणि ते माझ्यासमोरच सगळ्यांना सांगायला लागले.

तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी त्यांना गॅलरीत चालवून पाहिलं आणि मला विचारलं, कोणता व्यायाम करून घेता? मी म्हटलं, मासे पाळतो. त्यांना ती थट्टा वाटली.

फेब्रुवारीत कैलाशला मिलचा एक पार्ट आणायला रायपूरला जायचं होतं. जायच्या आधी त्याने फिल्टर उघडला. आतला स्पंज काळपट, बुळबुळीत झालेला. मिलवाल्याला मशीनमध्ये काळं दिसलं की चैन पडत नाही. त्याने तो स्पंज नळाखाली धरला आणि पिळून पिळून पांढरा शुभ्र केला. त्या काळ्यातच तर आमचे इतके दिवस पाळलेले जिवाणू होते, आणि नळाला येणाऱ्या बोरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर. घरात विज्ञानाची मास्तरीण होती, पण ती आत भाजी चिरत होती. मासे होते तसेच दिसत होते, म्हणून कैलाश निश्चिंत मनानं गेला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत असताना पाणी दुधाळ झालं. वास यायला लागला. मासे वर येऊन पाण्याच्या कडेशी तोंड उघडझाप करू लागले. घरी मामाजी एकटे. त्यांनी असं पाणी आयुष्यात कितीदा पाहिलं होतं आणि त्यावरचा उपायही कितीदा केला होता. त्यांनी खिशातली डबी काढली. पेल्यात सगळा चुना कालवला आणि बोडीत टाकतात तसा चारी कोपऱ्यांतून हळूहळू सोडला.

बोडीत ते बरोबर असेल. इथे मऊ, किंचित आंबट पाणी होतं. पाणी आंबट असेतोवर माशांच्या घाणीतलं विष निजलेलं असतं. चुना पडला की ते जागं होतं.

मी आले तेव्हा सहाही मासे शाईसारखे काळे झाले होते. सगळ्यात लहान होता तो तळाशी आडवा पडला होता. मास्तरीन कोपऱ्यात तिरकी होऊन नुसती श्वास घेत होती. मी पाण्याचा आंबटपणा तपासायचे थेंब टाकले. रोज पिवळं होणारं पाणी नळीत गडद निळं झालं. मागे वळले तर मामाजी खुर्चीत बसलेले आणि रिकामी डबी त्यांच्या मांडीवर.

"मामाजी, यात काय टाकलं?"

"चुना," ते म्हणाले. लपवलं नाही, सारवासारव केली नाही. "बोडीले टाकतो तसा."

"ही बोडी नाही, मामाजी."

मी एवढंच बोलले, पण ज्या सुरात बोलले तो वर्गातला सूर होता. त्यांनी घोडा ओढून घेतला, उठले आणि खोलीत गेले. मला तेव्हाच वाईट वाटलं, पण हातात पाण्याचा पाइप होता, मागे जाता आलं नाही. रात्रीपर्यंत थोडं थोडं पाणी काढत आणि कॅनचं पाणी घालत बसले. लहान मासा गेला. सकाळी आणखी एक गेला. मास्तरीन तिरकी होती, पण होती.

कैलाश आला, सगळं ऐकलं आणि आधी स्वतःच्याच कपाळावर हात मारला. स्पंज आपण धुतला म्हणून पाणी बिघडलं, हे त्याला लगेच कळलं. तो बापाच्या खाटेवर जाऊन बसला आणि सांगत राहिला, बाबा, चूक माही आहे, तुमची नाही. मामाजी भिंतीकडे तोंड करून झोपले होते. शेवटी म्हणाले, "कोनाची का असंना. मेल्या मासोळ्यायले काय त्याचं."

त्यानंतर ते उठले नाहीत. घोड्यावर पुन्हा टॉवेल आला. बाथरूमला धरून न्यावं लागायला लागलं, आणि पाय पहिल्यापेक्षा जड वाटायला लागले. तमाखू तर बंदच केली, चुन्याची रिकामी डबीही कुठेतरी टाकून दिली. मी इतकी वर्षं ज्यासाठी भांडले ते आयतं झालं, आणि मला एका पैशाचा आनंद झाला नाही. पाणी कैलाश बदलायचा, सकाळी लवकर उठून, कारण फिल्टर पुन्हा नीट चालेपर्यंत रोज बदलणं भाग होतं. बदलून झालं की खोलीच्या दारात उभा राहून सांगायचा, बाबा, चारही जण बरे आहेत, या ना पाहायले. आतून हूं एवढंच यायचं. एकदा तो दारातच उभा राहून रडला, मला दिसू नये म्हणून तोंड पंच्यानं पुसत.

मला राग येत होता, आणि कोणावर काढावा हे कळत नव्हतं. आम्ही दोघं मामाजींशी किती गोड बोलत होतो. काही हरकत नाही, झालं ते झालं, तुम्ही आराम करा. त्या गोडव्यानंच ते आणखी आत जाताना मला दिसत होते. वर्गातही मी हे पाहिलं आहे. माफ केलेल्या पोराला पुन्हा कोणी फळा पुसायला सांगत नाही. तो बाकावर नीट हात ठेवून बसतो, आणि बसूनच राहतो.

सोमवारी कैलाश पहाटेच मिलवर गेला होता. मी डबा भरला, साडी नेसली आणि मामाजींच्या दारात गेले. गोड बोलायचं नाही, असं ठरवूनच गेले होते.

"मामाजी, आज पानी बदलवलं नाही. यायले मिल आहे, मले शाळा आहे. मी काही बदलवणार नाही. कॅन हॉलमध्ये आहेत, पाइप मोरीत सोडलेला आहे. सहा होते, चार राहिले. तेबी गेले तं मले सांगू नका."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी दार ओढून घेतलं आणि निघाले.

वैनगंगेच्या पुलापर्यंत मी गाडी नेहमीपेक्षा जोरात हाकली. मध्यावर आल्यावर एकदम आठवलं, हॉलमध्ये टाइल्स आहेत. पाणी सांडलं तर टाइल्स घसरणार, आणि ज्याचा खुबा एकदा मोडला आहे अशा माणसाला मी त्यावर पाणी वाहायला सांगून आले आहे. गाडी वळवावीशी वाटली. वळवली असती तर तो नुसता रागाचा तमाशा झाला असता, आणि मामाजींनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं असतं. मी शाळेत गेले. पहिल्या तासाला काय शिकवलं ते देव जाणे. मामाजींना फोन केला तर त्यांनी उचलला नाही, ते एरवीही उचलत नाहीत. मधल्या सुट्टीत हेडमास्तरांना सांगून निघाले.

येताना पुलाच्या अलीकडच्या पानठेल्यावर थांबले. चुन्याची एक भरलेली डबी मागितली. ठेलेवाल्याच्या घरची पोरगी माझ्या वर्गात आहे, त्याला वाटलं मॅडमना काहीतरी प्रयोगाला हवा असेल. मीही तसंच वाटू दिलं. का घेतली ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. एवढंच वाटत होतं की ती डबी घरातून जोवर गायब आहे, तोवर मामाजी म्हणजे टाकीत चुना टाकणारा माणूस, त्यापलीकडे कोणी नाही.

दार उघडलं. हॉलभर मिलची रिकामी पोती अंथरलेली होती. खोलीच्या दारापासून कॅनपर्यंत, कॅनपासून टाकीपर्यंत, पाय घसरू नये म्हणून जवळजवळ लावलेली आणि ओलीचिंब. घोड्याच्या आडव्या दांडीला माझी दुधाची किटली दोरीनं बांधली होती. एका वेळी एक किटली पाणी, कॅनपासून टाकीपर्यंत, किती खेपा केल्या असतील कोण जाणे. दोन कॅन रिकामे होते. टाकी काठोकाठ भरली होती, आणि मामाजी खुर्चीत बसले होते. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, चेहरा थकून राखेसारखा झालेला.

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. टाकीकडे बोट दाखवून म्हणाले, "मास्तरीन सरळ झाली. आज खाल्लं तिनं." मग थोडा दम घेऊन म्हणाले, "लहानशी बोडी तुमची, पन काम पुऱ्या बोडीचं सांगते. कॅनवाल्याले उद्या एक कॅन जास्त आनाले सांगजो."

मी बरं म्हटलं. पदरानं डोळे पुसले, पर्समधून चुन्याची डबी काढली आणि टाकीच्या स्टँडवर, माशांच्या खाण्याच्या डबीशेजारी ठेवली. मामाजींनी डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तमाखूवरून रोज डोकं खाणारी सून चुना विकत घेऊन आली होती, तेव्हा त्यांनी बघणं साहजिक होतं.

"तुमची आहे," मी म्हटलं. "तुमच्याजवळच राहू द्या."

त्यांनी डबी उचलली, उघडून पाहिली, बंद केली. मला वाटलं खिशात घालतील. पण त्यांनी घोडा जवळ ओढला, दोन्ही हातांवर जोर देऊन उभे राहिले आणि पोत्यांवरून हळूहळू निघाले. मी धरायला पुढे झाले, त्यांनी मानेनंच नको म्हटलं. हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला, दाराजवळच्या खिडकीत त्यांनी ती डबी ठेवली. तसेच परत आले आणि धापा टाकत खुर्चीत बसले. चारही मासे काचेशी गोळा झाले.

"तिथं बरी आहे," ते म्हणाले. "मासोळ्यायपासून दूर. लागली तं उठून जाईन."